शनिवारी फोन का लागला नाही

एडिनबरा, सोमवार रात्र

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

आई, शनिवारी तू दिवसभर फोन लावत होतीस. नंतर बोललो तेव्हा तुझा आवाज बसला होता, ते अजून मनातून जात नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

मी बेन आल्डर या डोंगरावर गेले होते. सकाळच्या आगगाडीत सायकल टाकून डॅलव्हिनी स्टेशनला उतरले. तिथून लॉख एरिख्त या २३ किलोमीटर लांब तळ्याच्या काठाने कच्चा रस्ता जातो. रस्ता खासगी जमिनीतला, मोटारींना बंद. पण स्कॉटलंडच्या २००३च्या कायद्यामुळे पायी किंवा सायकलने जाणाऱ्याला कुणी अडवत नाही. थोड्याच वेळात रेंज गेली.

पाच-सहा किलोमीटरवर मागचं चाक बसलं. बाबा, तुम्ही मला ट्यूब घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधायला शिकवलं होतंत ना? मी ती तळ्यात बुडवली. पाणी इतकं गार की बोटं बधिर झाली, पण बुडबुडा लगेच दिसला. घासलं, सोल्युशन लावलं, ते सुकेपर्यंत तुमच्यासारखीच फुंकर घालत बसले. त्या वेळी तुमची फार आठवण आली.

डोंगर ११४८ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून जवळजवळ पाचशेने कमी. पण कळसूबाईला पायथ्याशी बारी गाव आहे, वाटेत सरबत मिळतं. इथे सायकल झुडपात आडवी ठेवल्यापासून ती पुन्हा उचलेपर्यंत मला दोनच माणसं दिसली. हरणं मात्र कळपाने. ओल्या दलदलीत पांढरं कापूसगवत डुलत होतं. माथा म्हणजे दगडगोट्यांचं भलंमोठं पठार, आणि जून असूनही कड्याच्या आडोशाला बर्फ. तिथेच पोळी नि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. याच डोंगराच्या पलीकडच्या अंगाला १७४६मध्ये ब्रिटनच्या गादीसाठी बंड करून कलोडनची लढाई हरलेला राजपुत्र चार्ल्स लपला होता. त्याच्यावर ३०,००० पौंडांचं इनाम होतं, तरी डोंगरातल्या गरीब माणसांनी त्याला धरून दिलं नाही. ती उघडी कातळं बघताना हे फार मोठं वाटतं, बाबा.

उतरताना ढग आले, तेव्हा होकायंत्र नि कागदी नकाशा काढला. आई, दोन्ही वापरायला मी रीतसर शिकलेय. कुठे जाणार, कधी परतणार हे घरातल्या मैत्रिणीला लिहून दिलं होतं. तुला मात्र सांगितलं नाही, कारण तू काळजी करशील. ती चूक झाली. न सांगितल्यानेच तुला जास्त त्रास झाला. यापुढे निघायच्या आदल्या रात्री तुला सांगेन, आणि स्टेशनात परत आले की पहिला फोन तुला.

परतीला वारा पडला आणि मिज नावाची बारीक चिलटं तुटून पडली, हातांवर अजून पुरळ आहे. तुझं कोकमाचं पाणी इथे असायला हवं होतं. रात्री नऊलासुद्धा ऊन होतं.

बाबा, ते ठिगळ अजून धरून आहे. आज त्याच चाकावर ऑफिसला गेले.

तुमची लेक