रेशन नाकारले, तर त्या नकाराचीही पावती द्या

प्रति,
मा. मंत्री, अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : शिधापत्रिका अडल्याचे कारण लेखी मिळावे आणि त्या महिन्याचे धान्य बुडू नये

मंत्री महोदय,
स.न.वि.वि.

धान्य मिळाले की रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनमधून, म्हणजे अंगठा लावून आधारवरून ओळख पटवणाऱ्या यंत्रातून, पावती निघते. गहू किती, तांदूळ किती, कोणत्या सदस्याने उचलला, सगळे छापून येते. धान्य नाकारले की कागदाचा तुकडाही निघत नाही. दुकानदार म्हणतो, "तुमचं कार्ड बंद पडलंय, तहसीलला जा." तहसीलच्या पुरवठा शाखेत सांगतात, "आमच्याकडे तर चालू दिसतंय, परत अंगठा लावून बघा." या दोन वाक्यांच्या मधे माणसाची दोन-तीन दिवसांची मजुरी जाते, महिना संपतो आणि त्या महिन्याचे धान्यही जाते.

आमची मागणी एकच आहे. ज्या मशीनमधून धान्याची पावती निघते, त्याच मशीनमधून नकाराचीही पावती निघावी. तारीख, 12 अंकी शिधापत्रिका क्रमांक, दुकान क्रमांक आणि धान्य न देण्याचे कारण, मराठीत. एवढे का अडून बसलो आहोत ते कळायला "कार्ड बंद" या दोन शब्दांखाली किती वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात ते पाहावे लागेल. पत्र खुले ठेवले आहे, कारण ज्यांचे कार्ड आज अडले आहे त्यांनाही यातले काही उपयोगी पडेल.

पहिले अंगठ्याचे. अंगठा जुळला नाही म्हणजे कार्ड बंद झाले असे मुळीच नाही. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ येते आणि सोबत आकडा येतो. खरे निदान त्या आकड्यात असते. 300 म्हणजे बोटाचा ठसा आधारमधल्या ठशाशी जुळला नाही. 330 म्हणजे आधारचे बायोमेट्रिक कुलूपबंद आहे. फसवणुकीच्या भीतीने घरातल्या तरुण मुलाने मोबाइलवरून आईचे आधार लॉक करून ठेवलेले असते आणि आईला त्याचा पत्ताच नसतो. अशा वेळी एमआधार ॲपमधून ते उघडले की काम होते, बोट कितीही घासून उपयोग नाही. 811 म्हणजे आधारमध्ये त्या व्यक्तीचा ठसाच नोंदलेला नाही. लहान मुलांच्या बाबतीत हे ठरलेले, कारण पाच वर्षांखालच्या मुलाचे आधार ठशांशिवाय निघते. 998 आला तर आधार क्रमांकच चुकीचा जोडला गेला असण्याची शक्यता मोठी, आणि 996 किंवा 997 आला तर आधारच रद्द किंवा निलंबित झालेले असते. यातल्या प्रत्येकाचे औषध वेगळे आहे आणि दवाखानाही वेगळा. 300 चे काम दुकानात, 330 चे मोबाइलवर, 811 चे आधार केंद्रात, जोडणीतल्या चुकीचे पुरवठा शाखेत. दुकानदाराने आकडा सांगितला नाही तर माणूस चारही ठिकाणी फिरतो.

300 आला तर दुकानातच करून पाहण्यासारखे बरेच असते. सिमेंट, चुना, वीटभट्टीची माती, केळीचा चीक, धुण्याभांड्यांचा साबण यांनी बोटांच्या रेषा झिजतात किंवा भरून जातात. हात साध्या पाण्याने धुऊन कोरडे पुसावेत. ओल्या बोटाचा ठसा पसरतो, फार कोरड्या बोटाच्या रेषा तुटक येतात. थंडीत बोट अगदीच कोरडे असेल तर ओलसर फडक्यावर हलकेच टेकवून मग लावावे. स्कॅनरची काच प्रत्येक वेळी मऊ कोरड्या कापडाने पुसावी, कारण आधीच्या माणसाच्या बोटाचे तेल तिच्यावर राहते. मशीन उन्हात ठेवू नये, काचेवर थेट ऊन पडले की ठसा धूसर येतो. बोटाचे टोक टेकवू नये, मधला फुगीर भाग सपाट ठेवावा, दाब बेताचा असावा. अंगठा चालत नसेल तर दुसरी बोटे लावून पाहावीत. कोणते बोट सर्वांत चांगले जुळते ते शोधून काढण्याची सोय आधार व्यवस्थेतच आहे. एकदा ते बोट सापडले की कार्डाच्या आतल्या पानावर लिहून ठेवावे, पुढच्या महिन्याची रांग वाचते. दोन बोटे एकामागोमाग घेऊन जुळवण्याचीही पद्धत आहे, आणि बुबुळ टिपणारा स्कॅनर जोडलेला असेल तर तो मागावा.

आणि एक गोष्ट अजूनही अनेक घरांना माहीत नसते. कुटुंबप्रमुख म्हणून जिचे नाव आहे तिलाच यावे लागते असे नाही. कार्डावरच्या ज्या कोणत्या सदस्याचे आधार जोडलेले आहे त्याचा अंगठा चालतो. आजीला डोलीतून आणण्याआधी नातवाला पाठवा.

एकटे राहणारे वृद्ध, अंथरुणाला खिळलेले, बोटे झडलेले कुष्ठरुग्ण यांचे काय? त्यांच्यासाठी नॉमिनी, म्हणजे त्यांच्या वतीने धान्य उचलणारी व्यक्ती, नेमण्याची तरतूद आहे. पण ती मागायची कुठे, कोणत्या कागदावर, हे सांगणारा फलक दुकानात नसतो. तो लावण्यास पैसे लागत नाहीत, आदेश लागतो.

दुसरा प्रकार अधिक फसवा, कारण कार्ड चालू असते आणि धान्य मात्र कमी येते. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो. पाच माणसांच्या घरात 25 किलोऐवजी अचानक 15 किलो मिळाले, तर बहुधा दोन युनिट, म्हणजे दोन माणसांचे वाटे, ई-केवायसीअभावी, म्हणजे आधारवरून ओळख पडताळली नसल्याने, थांबली आहेत. ई-केवायसी घरातल्या एकाने करून भागत नाही, प्रत्येक सदस्याची वेगळी लागते. रेशन दुकानात ती मोफत होते. मोबाइलवर 'मेरा ई-केवायसी' आणि चेहरा टिपणारे आधारचे ॲप अशी दोन ॲप लागतात, शिवाय आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी यावा लागतो. आधारला जुना, बंद पडलेला नंबर असेल तर घरबसल्या होणार नाही, दुकानच गाठावे लागेल. मुलगा पुण्याला, मुलगी सासरी, सून बाळंतपणाला माहेरी, असे असले तरी ते जिथे आहेत तिथल्या रेशन दुकानात ई-केवायसी करू शकतात. त्यासाठी गावी येण्याचे एसटीचे भाडे खर्चू नये.

सर्वांत गरीब कुटुंबांना मिळणाऱ्या अंत्योदय कार्डाचा हिशोब मात्र निराळा आहे. तिथे 35 किलो कार्डामागे ठरलेले आहे, माणसांमागे नाही. एका सदस्याचे नाव कमी झाले म्हणून 35 चे 30 करता येत नाहीत. कुठे तसे होत असेल तर ती सरळ चूक आहे.

मुलांचा प्रश्न यातच गुंतलेला आहे. मूल पाच वर्षांचे झाले की आधार केंद्रात जाऊन त्याचे ठसे नोंदवायचे आणि मग एका वर्षाच्या आत ई-केवायसी करायची असा आता नियम आहे. शाळेत नाव घालण्याच्या गडबडीत हे राहते आणि वर्षभराने एक युनिट गळते. मंत्री महोदय, अंगणवाडी सेविकेच्या नोंदवहीत प्रत्येक मुलाची जन्मतारीख असते. महिला व बालविकास विभागाकडून ती यादी मागवून दुकाननिहाय आगाऊ सूचना देणे अवघड नाही.

तिसरा प्रकार कार्ड खरोखरच निष्क्रिय होण्याचा. केंद्राने 22 जुलै 2025 रोजी सार्वजनिक वितरण व्यवस्थेच्या नियंत्रण आदेशात दुरुस्ती केली. सलग सहा महिने धान्य उचलले नाही तर कार्ड तात्पुरते निष्क्रिय करायचे आणि पुढच्या तीन महिन्यांत घरी जाऊन पडताळणी व ई-केवायसी करून पात्रता ठरवायची, असे त्यात आहे. बीड, जालना, अहिल्यानगरच्या ऊसतोड कुटुंबांकडे पाहून याचा विचार करा. दिवाळीच्या सुमारास टोळी निघते, पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप हंगाम संपेपर्यंत, उसाच्या फडातच मुक्काम. पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कोपीवर राहणाऱ्या या कुटुंबाला तिथल्या दुकानातून धान्य उचलण्याचा पूर्ण हक्क आहे. आंतरराज्य पोर्टेबिलिटी, म्हणजे दुसऱ्या राज्यातल्या दुकानातूनही धान्य उचलण्याची सोय, 9 ऑगस्ट 2019 रोजी ज्या चार राज्यांत सुरू झाली त्यांत महाराष्ट्र होता. पण कारखान्याच्या परिसरातल्या दुकानाला हंगामात वाढीव धान्य पाठवले नाही, तर दुकानदार "माझ्या कार्डवाल्यांनाच पुरत नाही" म्हणून हात वर करतो. त्याचेही चूक म्हणता येत नाही. मग सहा महिने निघून जातात आणि गावाकडचे कार्ड निष्क्रिय होते. पडताळणीला माणूस घरी येतो तेव्हा घराला कुलूप असते आणि शेरा पडतो, "आढळून आले नाहीत." गाळप हंगामाचे महिने आपल्या विभागाला माहीत आहेत. कोणत्या तालुक्यातून टोळ्या जातात हेही माहीत आहे. त्या तालुक्यांत पडताळणी पावसाळ्यात व्हावी आणि हंगामात कारखाना परिसरातल्या दुकानांचा कोटा वाढावा.

सर्व्हर बंद आणि रेंज नाही, याबद्दल फार लिहीत नाही, आपणास कल्पना आहे. धडगाव, अक्कलकुवा, मेळघाट इथे मशीन घेऊन रेंज शोधत टेकडी चढावी लागते. 2024 च्या पावसाळ्यात ई-पॉसचा सर्व्हर कोलमडला तेव्हा ऑफलाइन वाटपाला मुभा द्यावी लागली होती. म्हणजे मशीनशिवाय धान्य वाटता येते, हे सिद्ध झालेले आहे. अख्ख्या राज्याचा सर्व्हर पडल्यावर जे चालते ते एका म्हातारीचा अंगठा न उमटल्यावर का चालू नये?

ते चालावे असा आदेशही आहे. केंद्राच्या अन्न व सार्वजनिक वितरण विभागाने 24 ऑक्टोबर 2017 रोजी राज्यांना कळवले की आधार नाही म्हणून कोणत्याही खऱ्या लाभार्थ्याचे नाव वगळू नये, आणि नेटवर्क, जोडणी, पुसट ठसे किंवा अन्य तांत्रिक कारणाने ओळख पटली नाही म्हणून धान्य नाकारू नये. 8 नोव्हेंबर 2018 रोजी तेच पुन्हा बजावले. याचा अर्थ दुकानात अपवादाची नोंदवही असायला हवी, दुसरे ओळखपत्र पाहून, नोंद करून, सही किंवा अंगठा घेऊन धान्य त्याच दिवशी दिले जायला हवे आणि पुरवठा निरीक्षकाने त्या नोंदी नंतर तपासायला हव्यात. दुकानदाराची भीती अशी की वहीवर दिलेले धान्य मशीनच्या साठ्यात वजा होत नाही आणि तपासणीत तूट त्याच्या माथी बसते. ही भीती खरी आहे. अपवादात दिलेले धान्य साठ्यातून रीतसर वजा करण्याची सोय झाल्याशिवाय नोंदवही कपाटातच राहील.

आता पावतीकडे परत येतो. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम 2013 च्या कलम 8 प्रमाणे हक्काचे धान्य मिळाले नाही तर अन्न सुरक्षा भत्ता मिळायला हवा. 2015 च्या नियमांत त्याचा हिशोबही दिला आहे. न मिळालेले किलो गुणिले हमी किंमतीच्या सव्वापटीतून कायद्याच्या अनुसूचीतला, म्हणजे लाभार्थ्याने रेशनला द्यायचा, दर वजा करून उरलेली रक्कम. गव्हाची 2025-26 च्या रब्बी विपणन हंगामाची हमी किंमत क्विंटलला 2425 रुपये होती. सव्वापट केली की किलोला 30 रुपये 31 पैसे होतात. म्हणजे 10 किलो गहू बुडाला तर भत्ता तीनशेच्या आसपास. पण त्याच नियमांत अट आहे की जो लाभार्थी त्या महिन्यात दुकानात गेलाच नाही त्याला भत्ता मागता येत नाही. दुकानात गेलो होतो, तीनदा अंगठा लावला, हे त्याने सिद्ध कशाने करायचे? फसलेल्या प्रयत्नाचा कागद त्याच्या हाती कोणी देतच नाही. नकाराच्या पावतीवाचून कलम 8 कागदावर राहते. तक्रारीचेही तेच. कलम 15 खालचे जिल्हा तक्रार निवारण अधिकारी असोत की कलम 16 खालचा राज्य अन्न आयोग, पहिला प्रश्न येतो : "पुरावा?"

अशी पावती छापून मिळेपर्यंत कार्डधारकांनी काय करावे, तेही इथेच सांगतो. मशीनच्या पडद्यावरचा आकडा आणि तारीख लिहून घ्या, जमल्यास फोटो काढा. महाईपॉस संकेतस्थळावर 12 अंकी क्रमांक टाकला की कार्डावरची नावे, कोणाची ई-केवायसी झाली आहे आणि चालू महिन्यात धान्य उचलले गेले का, हे दिसते. तुम्ही न उचललेले धान्य तिथे उचललेले दिसले, तर प्रश्न अंगठ्याचा नाही, चोरीचा आहे. तशी वेगळी तक्रार द्या. पुरवठा शाखेत, मुंबईत असाल तर शिधावाटप कार्यालयात, साध्या कागदावर अर्ज द्या. सोबत शिधापत्रिकेच्या पहिल्या व शेवटच्या पानाची आणि सर्वांच्या आधारची झेरॉक्स जोडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. 1967 किंवा 1800-22-4950 वर फोन करून तक्रार क्रमांक घ्या, परराज्यात असाल तर 14445. दुकानाच्या दक्षता समितीत कोण आहे ते विचारा. आणि कार्ड अडले म्हणून मुलांचा अंगणवाडीतला आहार किंवा शाळेतले जेवण थांबत नाही. त्यांना शिधापत्रिका लागतच नाही.

मंत्री महोदय, नाव वगळण्यापूर्वी लेखी नोटीस घरी पोचावी आणि यादी चावडीवर व दुकानात लागावी, हेही आम्हाला मागायचे आहेच. पण ते व्हायला वेळ लागेल, पावतीला लागायचे कारण नाही. मशीनला प्रिंटर आहे, कागदाचा रोल आहे, नाकारण्याच्या कारणाचा आकडा मशीनला आधीच कळलेला असतो. तो मराठीत छापायचा आहे आणि खाली एक ओळ घालायची आहे : "या कारणासाठी कुठे जावे."

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ज्याला अशी पावती मिळेल, त्याचे त्या महिन्याचे धान्य पुढच्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत राखून ठेवावे, एवढे त्याच आदेशात लिहावे.

आपले,
रेशनच्या प्रश्नावर काम करणारे कार्यकर्ते