अमेरिकेतल्या छोट्या कम्युनिटी कॉलेजला अ‍ॅडमिशन घेण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या शिक्षण पुरवणीत अमेरिकेबद्दल जे येतं ते बहुतेक मोठ्या युनिव्हर्सिट्यांचं आणि एमएसचं असतं. पण बारावीनंतर लगेच मुलांना पाठवायचं म्हणणारे आईबाबाही बरेच आहेत आणि खर्चाचा आकडा बघितला की त्यांची नजर कम्युनिटी कॉलेजकडे, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजकडे, वळते, त्यातही एखाद्या लहानशा गावातल्या, कारण तिथली फी अजून कमी दिसते. मी अशाच एका कॉलेजात गणित शिकवते, मिडवेस्टमध्ये, चारी बाजूंनी मका आणि सोयाबीन. आपल्याकडची मुलं इथे येतात, काहींचं फार छान होतं आणि काहींचं एक वर्ष उगाच वाया जातं, आणि ते वाया जाणं बघवत नाही म्हणून हे पत्र.

आधी हे कॉलेज कोणासाठी काढलेलं असतं ते समजून घ्या. इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनियर कॉलेज १९०१ साली सुरू झालं, तिथून ही गोष्ट सुरू होते. पुढे १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने सांगितलं की घरापासून जवळ, परवडेल असं दोन वर्षांचं शिक्षण सगळ्यांना मिळायला हवं, आणि त्यानंतर अशी कॉलेजं देशभर वाढली. म्हणजे ही कॉलेजं मुळात तिथल्या स्थानिक लोकांसाठी आहेत. माझ्या एकाच वर्गात हायस्कूलमध्ये शिकता शिकता कॉलेजचे क्रेडिट (विषय पास झाल्यावर डिग्रीसाठी जमा होणारी एककं) घेणारी सतरा वर्षांची मुलगी असते, रात्रपाळी करून आलेला चाळिशीचा माणूस असतो आणि नर्सिंगला जायचंय म्हणून गणित पूर्ण करणारी दोन मुलांची आई असते. वेल्डिंग, डिझेल मेकॅनिक, नर्सिंग यावरच अशा कॉलेजचा जीव असतो. आयोवातल्या आयोवा लेक्स कॉलेजने २००४ मध्ये पवनचक्क्या सांभाळायचा कोर्स सुरू केला, कारण आजूबाजूला पवनचक्क्या उभ्या राहत होत्या. गावाला जे लागतं ते कॉलेज शिकवतं, आणि ते मला मनापासून आवडतं. पण तुमच्या मुलाला कॉम्प्युटर इंजिनियर व्हायचं असेल तर गावाची गरज आणि त्याची गरज एकच असेल असं नाही.

आता मला जे सांगायचंच आहे ते. आधी शेवटची डिग्री कुठल्या युनिव्हर्सिटीतून घ्यायची ते ठरवा आणि मग कॉलेज निवडा. सगळे उलटं करतात, स्वस्त कॉलेज बघतात, येतात आणि ट्रान्सफरचं नंतर बघू म्हणतात. इथे दोन वर्षांत साधारण ६० क्रेडिटची असोसिएट डिग्री होते आणि मग चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला जायचं, अशी कल्पना असते. पण तिथे कुठले क्रेडिट धरायचे ते ती युनिव्हर्सिटी ठरवते, आपलं कॉलेज नाही. अमेरिकी संसदेसाठी सरकारी कामकाज तपासणाऱ्या जीएओ या कार्यालयाने २०१७ मध्ये अहवाल दिला होता, त्यात कॉलेज बदलणाऱ्या विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के क्रेडिट वाया जातात असा अंदाज होता. हा आकडा सगळ्या प्रकारच्या बदल्यांचा आहे, जिथे दोन सरकारी संस्थांमध्ये आधीच करार असतो तिथे नुकसान कमी होतं, आणि म्हणूनच तो करार महत्त्वाचा. त्याला आर्टिक्युलेशन अ‍ॅग्रीमेंट म्हणतात. तो अमुक युनिव्हर्सिटीशी, अमुक मेजरसाठी, म्हणजे डिग्रीच्या मुख्य विषयासाठी, आहे का ते लेखी मागा. 'आमची मुलं सगळीकडे जातात' हे उत्तर नाही. कॅलिफोर्नियात असिस्ट नावाची सरकारी वेबसाइट आहे, तिच्यावर कुठल्या कॉलेजचा कुठला विषय तिथल्या सरकारी युनिव्हर्सिट्यांमध्ये कशाच्या बदल्यात धरला जातो ते कोणालाही बघता येतं, बाकी बऱ्याच ठिकाणी विचारूनच कळतं.

डिग्रीचं नावही नीट वाचा. असोसिएट ऑफ सायन्स ही पुढे ट्रान्सफर होण्यासाठी असते. असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स ही थेट नोकरीला लागण्यासाठी असते, आणि तिचे बरेच क्रेडिट पुढे धरले जात नाहीत. मधल्या एका शब्दाचा फरक आहे आणि एजंट तो सांगत नाहीत.

आता छोट्या कॉलेजची खरी अडचण, जी मी आतून बघते. कॅटलॉगमध्ये विषय दिसतो म्हणून तो दर सेमिस्टरला असतोच असं नाही. एका मुलाचं सांगते, आपल्याकडचाच, हुशार, इंजिनियरिंगला जायचं म्हणून आलेला. त्याला कॅल्क्युलसवाला फिजिक्स हवा होता, तो पहिला भाग फक्त ऑगस्टमध्ये सुरू व्हायचा आणि दुसरा फक्त जानेवारीत, आणि पहिल्या भागासाठी कॅल्क्युलस आधी झालेलं पाहिजे. हा आला जानेवारीत. कॅल्क्युलस सुरू करून ऑगस्टमध्ये पहिला भाग घेतला, आणि जानेवारीत दुसऱ्या भागाला नाव नोंदवणारे इतके कमी निघाले की वर्गच रद्द झाला. कोणाची चूक म्हणायची, पाच मुलांसाठी वर्ग चालवणं कॉलेजला परवडत नाही हे मला कळतं, पण त्याचं वर्ष गेलं ते गेलंच. तेव्हा मागच्या दोन-तीन वर्षांचं प्रत्यक्ष टाइमटेबल मागून घ्या, त्यात तुम्हाला लागणारे दुसऱ्या वर्षाचे विषय खरोखर चालले होते का ते बघा, डिफरन्शियल इक्वेशन्स, ऑरगॅनिक केमिस्ट्री वगैरे. बहुतेक ठिकाणी टाइमटेबल ऑनलाइन उघडच असतं, लॉगिनसुद्धा लागत नाही.

यात व्हिसाचा नियम येऊन बसतो. एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याला सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट घ्यावेच लागतात आणि त्यात ऑनलाइन वर्ग एकच धरला जातो, म्हणजे तीन क्रेडिट. छोटी कॉलेजं काय करतात, मुलं कमी आली की विषय ऑनलाइन टाकतात, ते त्यांच्या दृष्टीने बरोबरच आहे कारण स्थानिक मुलं नोकरी करून घरून शिकतात. पण आपल्या मुलाला लागणारे तीन विषय ऑनलाइन गेले तर तो अडकला, मग बारा पूर्ण करायला भलतेसलते विषय घ्यायचे आणि त्याचे पैसे भरायचे. 'माझ्या मेजरचे वर्ग समोरासमोर किती असतात?' हा प्रश्न ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. आणि कुठलाही विषय सोडण्याआधी इंटरनॅशनल ऑफिसला विचारल्याशिवाय सोडायचा नाही, बाराच्या खाली गेलात की विद्यार्थी म्हणून अमेरिकेत राहण्याचं कायदेशीर स्टेटस जाऊ शकतं.

पैशाचं थोडक्यात. जाहिरातीत दिसणारी फी बऱ्याचदा स्थानिक जिल्ह्यातल्या लोकांची असते, परदेशी विद्यार्थ्याला वेगळा दर लागू शकतो. फेडरल ग्रँट, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारची शिक्षणासाठीची मदत, परदेशी विद्यार्थ्याला मिळत नाही. काम फक्त कॅम्पसवर, सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत, आणि छोट्या कॅम्पसवर कामं असतात तरी किती, लायब्ररी, ट्यूटरिंग, कॅफेटेरिया. गावातल्या पेट्रोल पंपावर कॅश घेऊन काम करायचा विचारही करू नका. असोसिएट डिग्रीवर एक वर्षाचं ओपीटी, म्हणजे शिकलेल्या विषयात काम करायची तात्पुरती परवानगी, मिळू शकतं पण स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनियरिंग, गणित) विषयांचं जादा दोन वर्षांचं एक्स्टेन्शन त्या डिग्रीवर मिळत नाही, ते बॅचलर्सपासून पुढे.

राहण्याचं मात्र बारकाईने बघा. हॉस्टेल सगळीकडे नसतं. असलं तरी डिसेंबरच्या सुट्टीत बंद होतं का, आणि मेस बंद होते का ते विचारा, कारण स्थानिक मुलं घरी जातात आणि आपलं पोर बर्फात कुठे जाणार? बस नसतेच म्हणा ना. किराणा आणायला, डॉक्टरकडे जायला, एअरपोर्टला जायला कोणीतरी गाडीने सोडावं लागतं. लोक सोडतात, आनंदाने सोडतात, माझे सहकारी रविवारी मुलांना दुकानात घेऊन जाताना मी बघते, पण आधीपासून माहीत असेल तर मूल गांगरत नाही.

एवढं सगळं वाचून कोणी घाबरून जावं असं मला अजिबात वाटत नाही. माझ्या कॅल्क्युलसच्या वर्गात कधी आठ मुलं असतात कधी बारा, मी प्रत्येकाची वही बघते, कोण चेन रूलला अडतंय आणि कोणाचं बीजगणितच कच्चं आहे हे मला दुसऱ्या आठवड्यात कळतं. मोठ्या युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाला शेकड्यांचा हॉल असू शकतो आणि गणितं सोडवून घ्यायला बऱ्याचदा पीएचडी करणारा विद्यार्थी असतो. इथे मीच असते, ऑफिसचं दार उघडं असतं, आणि पुढे ट्रान्सफरसाठी शिफारसपत्र लिहायची वेळ येते तेव्हा मी त्या मुलाबद्दल पानभर लिहू शकते कारण मी त्याला ओळखते. इंग्रजी बोलायला बिचकणारी मुलं इथे बोलायला लागतात, दुसरं कोणी मराठी बोलणारं नसतंच. ज्याची ट्रान्सफरची आखणी पहिल्या दिवसापासून पक्की आहे त्याला या दोन वर्षांचा फार उपयोग होतो.

शेवटी आईबाबांसाठी. अठरा वर्षांच्या मुलाचे मार्क कॉलेज तुम्हाला सांगणार नाही, विद्यार्थ्याची शैक्षणिक माहिती खाजगी ठेवणारा फर्पा नावाचा कायदा १९७४ पासून आहे. तुम्ही रात्री जागून फोन केलात तरी ऑफिसमधली बाई नम्रपणे नाही म्हणेल. मुलाने लेखी परवानगी दिली तर सांगू शकतात, तो फॉर्म रजिस्ट्रारकडे मिळतो. तो भरायचा की नाही हे मुलाशी निघायच्या आधी घरातच बोलून ठरवा, आणि ट्रान्सफर अ‍ॅडव्हायझरला दर सेमिस्टरला भेटतोस ना एवढं त्याला जरूर विचारत जा.

आपली,
एक वाचक, अमेरिका