गाडी पूर्ण झाली : मित्रास पत्र

डिडकॉट, ऑक्सफर्डशर
दि. १८ मे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

दर दिवाळीला फोनवर तू "गाडी कुठवर आली?" असे विचारतोस आणि "बस, थोडंच राहिलंय" असे मी सांगतो, याला आता अकरा वर्षे झाली. त्यातली शेवटची दोन वर्षे ते उत्तर खरे होते. त्याआधीची सगळी निव्वळ थाप होती. आज मात्र लेखी कळवतो आहे की १९६५ सालची ती एमजीबी रोडस्टर, म्हणजे कापडी टपाची जुनी इंग्लिश गाडी, पूर्ण झाली, रस्त्यावर आली आणि हे पत्र लिहायला बसण्यापूर्वी मी तिच्यातूनच दूध आणायला जाऊन आलो.

मी ती घेतली तो २०१४ सालचा मे महिना. त्याच महिन्यात उत्तरपाड्याला ॲम्बॅसॅडरचे उत्पादन थांबल्याची बातमी आली आणि आप्पा दिवसभर कोणाशी बोलले नाहीत, असे तू कळवले होतेस. तेव्हा मी तुला सांगितले नव्हते, पण गाडीचे बॉनेट पहिल्यांदा उघडले तेव्हा क्षणभर मला उद्यमनगरातल्या आप्पांच्या गॅरेजात उभा असल्यासारखे वाटले. ॲम्बॅसॅडरचे १४८९ सीसी इंजिन आणि या गाडीचे १७९८ सीसी इंजिन ही एकाच घराण्यातली, बीएमसी म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीजची भावंडे आहेत. आपली ॲम्बॅसॅडर मुळात ऑक्सफर्डजवळच्या काउलीत बनणारी मॉरिस ऑक्सफर्ड, आणि ही तिथून जेमतेम दहा किलोमीटरवरच्या ॲबिंग्डनची. एक बहीण कोल्हापुरात टॅक्सी म्हणून राबली आणि दुसरी इथे तरुण पोरांना फिरवत राहिली, एवढाच काय तो फरक. टॅपेटच्या, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांच्या, झाकणावर हात ठेवताच मला "एक-तीन-चार-दोन" हा सिलिंडरांच्या फायरिंगचा क्रम आठवला, जो आपण दहावीच्या परीक्षेतल्या सनावळीपेक्षा चोख पाठ केला होता.

इंजिनाची भीती म्हणूनच कधी वाटली नाही. ते लेथवाल्याकडून बोअर करून आणले, क्रँक घासून घेतला, नव्या रिंगा आणि बेअरिंग घालून एका हिवाळ्यात मी स्वतः बांधले. बिनशिशाच्या पेट्रोलसाठी हेडमध्ये कडक धातूच्या व्हॉल्व्ह-सीट बसवून घेतल्या आणि इथॅनॉलमिश्रित पेट्रोलने जुने रबर खराब होते म्हणून सगळ्या नळ्या बदलल्या. त्यात सांगण्यासारखे फारसे नाही. मला जे खरोखर सांगायचे आहे ते पत्र्याबद्दल.

या गाडीला वेगळी चॅसी नाही; पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा आहे. त्यातून रोडस्टरला कापडी टप असल्यामुळे छताचाही आधार मिळत नाही आणि पुढच्या व मागच्या भागाला सांधून धरण्याचे बहुतेक काम दाराखालच्या दोन पट्ट्यांवर येऊन पडते. इथे त्यांना सिल म्हणतात, म्हणजे आपला उंबरठाच. बाहेरून एक गोलसर पत्रा, आत दुसरा, त्या दोहोंमध्ये उभा तिसरा आणि या सगळ्याखाली किल्ल्याच्या तटासारखी कडा असलेली पट्टी, जिला कॅसल रेल असे शोभेलसे नाव आहे. पाणी आत शिरले की हे सगळे आतून कुजते आणि बाहेरून रंग मात्र चकचकीत राहतो. माझ्या गाडीचा डावा उंबरठा मी स्क्रू-ड्रायव्हरने सहज टोचून पाहिला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. कापून उघडला तेव्हा कोणा जुन्या मालकाने गंजलेल्या पत्र्यावर ॲल्युमिनियमची जाळी ठोकून त्यावर बोटभर जाडीची पुट्टी थापलेली निघाली. गणपतीच्या मखरालाही याहून जास्त जीव असतो.

उंबरठा कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत लोखंडी पट्ट्या आडव्या वेल्ड करून ती जखडायची असते, आणि एका वेळी एकच बाजू कापायची असते, हे मी वाचले होते आणि तसेच केलेही. चूक झाली ती दुसरीकडेच. गाडी ज्या चार घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, उभी होती, त्यांतले मागचे दोन मी सोयीसाठी फार मागे सरकवले होते. त्यामुळे बॉडी मध्ये किंचित खचली, माझ्या लक्षात आले नाही आणि मी त्याच अवस्थेत तीन आठवडे वेल्डिंग करून तो खचलेपणा कायमचा करून टाकला. पट्ट्या काढून दार लावले तर ते लागेना. वरच्या बाजूची फट एक सूत जास्त बंद आणि खालची तेवढीच उघडी. त्या रात्री मी गॅरेजचा दिवा मालवला आणि त्यानंतर जवळजवळ चौदा महिने तो लावला नाही.

या चौदा महिन्यांबद्दल तुला मी कधी काही सांगितले नाही. फोनवर "थोडंच राहिलंय" म्हणत राहिलो. गाडी विकून टाकावी, असे मनात आले होते; एक गिऱ्हाईक येऊन पाहूनही गेला आणि त्याने देऊ केलेल्या रकमेने माझा इतका अपमान झाला की त्याच आठवड्यात मी ग्राइंडर हातात घेऊन माझीच वेल्डिंग कापायला बसलो. राग हे फार उपयोगी इंधन आहे. या वेळी घोडे योग्य जागी लावले, दार बिजागरीवर अडकवूनच ठेवले आणि चार टाके मारले की दार लावून पाहायचे, पुन्हा चार टाके, पुन्हा दार, असे करत मार्च संपवला. तरीही डाव्या दाराच्या मागच्या कडेची फट खाली अर्धा सूत जास्त आहे. ती तशीच ठेवली आहे. प्रदर्शनात नेणारे लोक ती बघून मान हलवतील, पण मला गाडी चालवायची आहे, पाटावर बसवून पुजायची नाही.

रंगाची गोष्ट थोडक्यात सांगतो. घेतली तेव्हा ती गडद हिरवी होती आणि मलाही ती हिरवीच हवी होती. पण डॅशबोर्डमागचा रंग खरवडला तर खाली पांढरट थर निघाला. गेडनच्या मोटार संग्रहालयाकडे कारखान्याच्या जुन्या नोंदवह्या आहेत आणि तिथून आपल्या गाडीचा दाखला मिळतो. त्यातही "ओल्ड इंग्लिश व्हाइट" असेच लिहून आले. मग दुसरा रंग देण्याचे धाडस झाले नाही. घासून प्रायमर मारण्यापर्यंतचे काम मी केले आणि शेवटचा रंग मात्र दुकानात देऊन मारून घेतला. पांढरीशुभ्र गाडी अंगणात येऊन उभी राहिली, तेव्हा हिने चहाचा कप हातात धरून तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "छान झालीय. वर लाल दिवा तेवढा राहिला." अकरा वर्षांच्या तपश्चर्येवर तिने एवढीच टिप्पणी केली.

इंजिन पहिल्यांदा सुरू झाले ती संध्याकाळ तुला आठवत असेल, कारण तेव्हा तुमच्याकडे रात्रीचे अकरा वाजले होते आणि मी हट्टाने आप्पांना उठवायला लावले होते. फोन बॉनेटखाली धरला. आप्पांनी अर्धा मिनिट ऐकले आणि "तिसऱ्याचा टॅपेट ढिला आहे, बघ" असे सांगून ते परत झोपायला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर मी त्यांच्याच पद्धतीने, नऊच्या बेरजेने, आठही टॅपेट तपासले. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबला गेला की पहिला मोजायचा, सातवा दाबला की दुसरा. प्रत्येक ठिकाणी फट मोजायच्या फिलर गेजची पंधरा थाऊची (इंचाच्या पंधरा हजारांशांची) पट्टी लोण्यातून सुरी जावी तशी, पण बेताच्या अडखळीने सरकली. एकही ढिला नव्हता. शेवटी रबरी नळीचे एक टोक कानाला लावून दुसरे फिरवत गेलो, तेव्हा एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या पितळी नटाशी फुसफुस ऐकू आली. नट आवळला आणि टकटक थांबली. आप्पांना मी "तुम्ही म्हणालात तसंच निघालं" असे कळवले आहे. तूही तेच खरे धरून चाल.

चाळीस वर्षांपेक्षा जुन्या गाडीला इथे वार्षिक तपासणीची सक्ती नाही, रस्ताकरही माफ आहे आणि १९८० पूर्वी बनलेल्या गाडीला नंबरच्या काळ्या पाटीवर रुपेरी अक्षरे लावण्याची मुभा आहे. पाटी मी आवडीने लावली, पण स्वतःच्या वेल्डिंगवर स्वतःच विश्वास ठेवावा हे काही मला पटेना, म्हणून तपासणी मुद्दाम करवून घेतली. तपासनीसाने गाडी वर उचलून दोन्ही उंबरठे हातोडीच्या टोकाने ठोकून पाहिले. तो आवाज ऐकताना मला बारावीच्या निकालाच्या दिवशीसारखे झाले होते. हँडब्रेक थोडा मऊ आहे एवढाच शेरा मारून त्याने पास केली.

आता ती कशी चालते, हे तू विचारशील. पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे गिअरचा वेग आपोआप जुळवणारी सोय, नाही, त्यामुळे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही. टाकलास तर जे ओरडणे ऐकू येते ते तुला ओळखीचे आहे. स्टिअरिंग सावकाश जाताना जड आणि वेग घेतला की हलके होते. मागे स्प्रिंगचे पाटे आहेत, रस्त्यातला प्रत्येक खड्डा ते इमानदारीने कळवतात. सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत आणि बॉडीला प्लस जोडलेला आहे, त्यामुळे माझ्यासारखा नंतरच्या गाड्यांवर हात बसलेला माणूस दर वेळी पाना लावताना थबकतो. गेल्या रविवारी मी तिला ॲबिंग्डनला नेऊन आणले, जिथून ती साठ वर्षांपूर्वी निघाली होती. कारखाना १९८० साली बंद झाला. तिथे थांबून पाहण्यासारखे फार उरलेले नाही, म्हणून नदीकाठी चहा घेतला आणि परतलो.

एक काम शिल्लक आहे. नव्याने बांधलेले इंजिन पाचशे मैल चालले की हेडचे नट पुन्हा आवळून टॅपेट परत तपासायचे असतात आणि तेही थंड इंजिनावर. तू आणि वहिनी ऑगस्टमध्ये येणार आहात. रात्री पोहोचलात तर सकाळी चहाच्या आधी इंजिन अगदी हवे तसे थंड असेल. गाडी आतापर्यंत ३४० मैल चालली आहे. उरलेले १६० मी जपून वापरीन.

आप्पांना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बालमित्र

ता.क. आप्पांचा तो अर्धा-नऊसोळाचा पाना अजून सापडत असेल, तर चेक-इनच्या बॅगेत घालून आण.