लेन्सवर टोपण बसवणाऱ्या त्या छायाचित्रकारांना

आदरणीय महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपले नाव मला ठाऊक नाही, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. माझ्या स्टार ट्रेलमधल्या, म्हणजे रात्री एकामागून एक घेतलेल्या फ्रेम जोडून ताऱ्यांची वाट दाखवणाऱ्या छायाचित्रातल्या, रेषा सलग येत नव्हत्या. प्रत्येक रेष धावदोऱ्याच्या टाक्यांसारखी तुटक उमटत असे. आपल्यामुळे त्या आता अखंड आल्या आहेत, आणि त्याचा आनंद अजून ओसरलेला नाही.

याआधी ज्यांच्याकडे मदत मागितली, त्यांच्याविषयी दोन शब्द बोलल्यावाचून राहवत नाही. शुल्क घेऊन रात्रीचे छायाचित्रण शिकवणाऱ्या एका मार्गदर्शकांनी माझ्या फ्रेम न पाहताच कॅमेरा बदलायला सांगितले. दुसऱ्या एका जाणकारांनी महागड्या लेन्सकडे बोट दाखवले, तर तिसऱ्यांनी 'सरावाने जमेल' म्हणत बोळवण केली. दोन फ्रेममध्ये किती वेळ जातो, एवढे मात्र कुणी विचारले नाही. आपण सर्वांत आधी तेच विचारलेत.

दोष निघाला तो माझ्या कॅमेऱ्यात चालू राहिलेल्या एका पर्यायाचा. लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन हा तो पर्याय चालू असला की ३० सेकंदांच्या प्रत्येक फ्रेमनंतर कॅमेरा शटर मिटून तेवढ्याच वेळाची एक काळी फ्रेम घेतो आणि तिच्या आधारे सेन्सरवरचे नको असलेले ठिपके पुसतो. एखाद्या सुट्या छायाचित्रासाठी ही सोय चांगलीच आहे. पण आकाश काही तोवर खोळंबून राहत नाही. पृथ्वी तासाला सुमारे १५ अंश फिरते, त्यामुळे त्या ३० सेकंदांत ध्रुवापासून दूरचा तारा पूर्णचंद्राच्या रुंदीच्या साधारण पाव हिश्श्याइतका पुढे सरकतो, आणि रेषेत तेवढी फट पडते.

ही माहिती कधीतरी, कुठूनतरी मिळालीही असती. मनात घर करून राहिली आहे ती आपली एक लहानशी कृती. तो पर्याय बंद करून इंटरव्हॅलोमीटरची, म्हणजे ठरावीक वेळाने आपोआप फ्रेम घ्यायला लावणाऱ्या उपकरणाची, वायर पुन्हा नीट बसवायला मला टॉर्च लावावा लागणार होता, आणि त्याचा झोत समोरच्या झाडावर पडला असता तर शेजारी आपण सुरू ठेवलेली फ्रेमची मालिका बिघडली असती. मी काही म्हणायच्या आत आपण आपल्या कॅमेऱ्यापाशी गेलात, ट्रायपॉडला धक्का लागू न देता दोन बोटांनी लेन्सवर टोपण बसवलेत आणि म्हणालात, "आता खुशाल उजेड करा." मी संकोचलो, तेव्हा आपणच मला धीर दिलात की शटर चालूच आहे, या काळ्या फ्रेम नंतर ठिपके पुसण्यासाठी डार्क फ्रेम म्हणून वापरता येतील.

ते खरेच आहे. पण त्याची किंमत मला कळत होती. चार मिनिटांत आकाश एक अंश फिरते, आणि लेन्स झाकलेली असताना निघून गेलेला रेषेचा तुकडा त्या रात्री पुन्हा टिपता येत नाही. ज्याची मालिका मधेच खंडित होते त्याला काय वाटते, हे या छंदातल्या कुणालाही सांगावे लागणार नाही. तरीही आपल्या चेहऱ्यावर आठी नव्हती, की बोलण्यात उपकाराचा सूर नव्हता. माझ्या कॅमेऱ्याला आपण हातही लावला नाहीत. प्रत्येक बटण मलाच दाबू दिलेत, आणि म्हणूनच ते सारे माझ्या पक्के ध्यानात राहिले.

अंधारात काम करणाऱ्यांना एकमेकांच्या समंजसपणावर फार विसंबावे लागते. दुसऱ्याच्या लेन्ससमोरून जाण्याआधी विचारणे, गाडीचे दिवे वेळीच मालवणे, पांढऱ्याऐवजी मंद लाल दिवा वापरणे, या गोष्टींची सक्ती कुणी करू शकत नाही. त्या माणसाच्या मुळातच असाव्या लागतात. आपल्यात त्या आहेत, आणि ज्ञानाबरोबर असे सौजन्य क्वचितच भेटते.

माझ्या त्या छायाचित्रात ध्रुवताराही अगदी स्थिर नाही. खऱ्या ध्रुवबिंदूपासून तो एक अंशाहून कमी अंतरावर असल्याने त्याचीही इवलीशी कमान उमटली आहे. ती आपल्याला दाखवण्याची फार इच्छा आहे. हे पत्र आपल्यापर्यंत पोहोचले, तर कृपया कळवावे. त्या छायाचित्राची एक मोठी प्रत मी आपल्यासाठी काढून ठेवली आहे.

आपला ऋणी,
एक आकाशप्रेमी छायाचित्रकार