शनिवारच्या तालमीआधी वाचा

बालनाट्य गटातील सर्व मुलांना आणि पालकांना,

शनिवारी चार वाजता तालीम आहे. वहीत पुढचे शब्द उतरवून आणा, कारण मागच्या वेळी ‘उजव्या विंगेतून ये’ म्हटल्यावर चौघं चार दिशांना गेली! रंगमंचावरचं उजवं-डावं नटाचं असतं, प्रेक्षकांचं नाही. प्रेक्षकांकडे तोंड करून उभे राहा, तुमचा उजवा हात तीच उजवी विंग (विंग म्हणजे रंगमंचाच्या कडेची आडोशाची जागा, जिथून नट आत-बाहेर करतात). पडद्याजवळचे कपाट, खुर्ची, खिडकी हे नेपथ्य. मनातलं मोठ्याने बोलणं म्हणजे स्वगत. रंगीत तालमीत कपडे, मेकअप, दिवे, संगीत सगळं खऱ्या प्रयोगासारखंच असतं. तेव्हा ‘सर, थांबा, चुकलं’ चालत नाही.

भरतमुनींच्या ‘नाट्यशास्त्र’ या प्राचीन ग्रंथात अभिनय चार प्रकारचा सांगितलाय: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. म्हणजे शरीर, वाणी, वेशभूषा-रंगभूषा आणि आतून येणारा भाव. आपण सध्या वाचिकावरच अडलोय. ‘तू आलास’ हे दोनच शब्द आनंदाने, रागाने, संशयाने आणि कंटाळून म्हणून बघा. घसा ताणू नका, श्वास पोटातून घ्या. शेवटचा शब्द गिळायची सवय बऱ्याच जणांना आहे (मोठ्या नटांनाही असते).

दुसऱ्याचं वाक्य चालू असताना नुसतं आपल्या पाळीची वाट बघू नका, ऐका.

5 नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन. 1843 मध्ये याच दिवशी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ हे नाटक सादर केलं. त्या दिवशी प्रत्येकाने एकेक स्वगत करायचंय.

पालकांनो, संहिता (नाटकाचे लिखित संवाद) पाठ करून घ्या, पण हावभाव कृपया शिकवू नका.