‘कमी सोडियमचे’ मीठ आणि मूत्रपिंडांचा हिशेब

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

रक्तदाबाच्या रुग्णांनी साधे मीठ सोडून ‘कमी सोडियमचे’ मीठ वापरावे, असा सल्ला हल्ली आरोग्यविषयक लेखांतून सर्रास दिला जातो. सल्ला चुकीचा नाही. परंतु तो अर्धा सांगितला जातो, म्हणून हे पत्र.

माझे थोरले बंधू मधुमेही असून रक्तदाबाच्या गोळ्याही घेतात. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी असे मीठ आणले आणि तळजाई टेकडीवरून फिरून येताना रोज एक शहाळे घेण्याचा नेम धरला. महिन्याभरात पायांतले बळ गेले. रक्त तपासले तेव्हा पोटॅशियम ६.३ निघाले; ते साधारण ३.५ ते ५ असावे लागते. हृदयाचा आलेख काढून त्यांना तातडीने दाखल करावे लागले. या मिठात सोडियमचा काही वाटा काढून त्याजागी पोटॅशियम क्लोराईड घातलेले असते, हे घरात कुणाला ठाऊक नव्हते. पाकिटावरचा इशारा बारीक इंग्रजी अक्षरांत होता.

शरीरातील सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते. रक्तात फिरते ते अगदी थोडे, आणि तेवढ्याच्या चढउतारावर हृदयाची लय अवलंबून असते. जेवणातून आलेले पोटॅशियम प्रथम इन्सुलिनच्या मदतीने पेशींत ढकलले जाते, पण ही तात्पुरती सोय झाली. ते शरीराबाहेर काढण्याचे काम मुख्यतः मूत्रपिंडांचे. आतड्यांचा वाटा एरवी दहा टक्क्यांच्या आसपास. मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातले बहुतेक पोटॅशियम आपल्यातील सूक्ष्म नळ्यांच्या सुरुवातीच्या भागांतच रक्तात परत घेतात. खरा हिशेब होतो तो नळीच्या शेवटच्या टप्प्यात: रक्तातील पोटॅशियम वाढले की मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक सोडतात, आणि त्याच्या इशाऱ्याने तिथल्या पेशी सोडियम आत ओढून पोटॅशियम लघवीत सोडतात. म्हणजे लघवीतून जाणारे पोटॅशियम बरेचसे गाळून उरलेले नसते, ते नव्याने बाहेर टाकलेले असते. मला स्वतःला हे साठी उलटल्यावर कळले.

निरोगी मूत्रपिंडे त्यामुळे शहाळे, केळी, बटाटा यांतले भरपूर पोटॅशियम सहज पेलतात. मात्र मधुमेहाने ती दुबळी झाली असतील, किंवा नावाच्या शेवटी ‘प्रिल’ वा ‘सार्टन’ असलेली, म्हणजे अल्डोस्टेरॉनला आवर घालणारी रक्तदाबाची औषधे चालू असतील, तर हीच यंत्रणा मागे पडते. आणि कमी सोडियमच्या मिठाची शिफारस नेमकी अशाच रुग्णांना सर्वाधिक होते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये अशा मिठाची शिफारस करतानाच मूत्रपिंडाचे विकार असलेल्यांना, गर्भवतींना व लहान मुलांना त्यातून वगळले आहे. (जाता जाता, सैंधव हा त्यावरचा तोडगा नव्हे, तेही प्रामुख्याने सोडियम क्लोराईडच आहे.)

माझी विनंती दुहेरी आहे. उत्पादकांनी पाकिटाच्या दर्शनी बाजूस ठळक मराठीत पोटॅशियमचा उल्लेख करावा. आणि आपल्या वृत्तपत्राने मिठावरील प्रत्येक लेखासोबत ‘आधी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून डॉक्टरांना विचारा’ एवढी एक ओळ छापावी (मूत्रपिंडे कितपत काम करतात, हे रक्तातील क्रिएटिनिनवरून कळते).

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, सहकारनगर, पुणे