फसफसत्या पुडीतले सोडियम

महोदय,

जुन्या घरगुती औषधांचा विषय निघाला, की ‘सिडलिट्झ पावडर’ हे फसफसणारे रेचक बोहेमियातल्या झऱ्याच्या पाण्यापासून बनवत, असे हमखास सांगितले जाते. ते खरे नाही. आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या सेडलेत्स (जर्मनमध्ये सिडलिट्झ) गावाचे कडू पाणी रेचक म्हणून प्रसिद्ध होते आणि त्यातला गुण मॅग्नेशियम सल्फेटचा. या पावडरीत मॅग्नेशियम नव्हतेच. थॉमस फील्ड सेव्हरी यांनी १८१५ साली लंडनमध्ये पेटंट घेतले ते निराळ्याच मिश्रणाचे. गावाचा लौकिक तेवढा उचलला.

निळ्या कागदाच्या पुडीत साडेसात ग्रॅम रोशेल सॉल्ट (सोडियम-पोटॅशियम टार्टरेट) आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा (सोडियम बायकार्बोनेट), पांढऱ्या पुडीत साधारण अडीच ग्रॅम टार्टारिक आम्ल. आधी निळी पुडी पाण्यात विरघळवायची, वरून पांढरी टाकायची आणि फसफसत असतानाच पेला रिकामा करायचा. त्या फेसाने, म्हणजे कार्बन डायऑक्साइडने, खारट चव सुसह्य होई, इतकेच. पोट साफ करणारे खरे द्रव्य टार्टरेट. ते आतड्यात फारसे शोषले जात नाही, पाणी धरून ठेवते.

मला लिहावेसे वाटले ते निळ्या पुडीतल्या सोडियममुळे. हिशेब केला तर ते सुमारे १.३ ग्रॅम भरते, म्हणजे सव्वातीन ग्रॅम मिठात असते तेवढे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाच्या पोटात दिवसभरात २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम जावे.

सिडलिट्झ पावडर आता कोणी मागत नाही. पण पित्तावरच्या फसफसणाऱ्या पावडरी आजही खायच्या सोड्यावरच चालतात. औषधाच्या दुकानात माझे आयुष्य गेले. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले म्हणून लोणचे-पापड सोडलेल्या आजी रोज रात्री असे एक पाकीट घेतात, हे मी पाहिले आहे. पाकिटावर घटक असतात, पण इंग्रजीत आणि इतक्या बारीक अक्षरांत, की चष्मा लावूनही त्यांना लागत नाहीत. ‘हे तर साधंच आहे, डॉक्टरांना काय विचारायचं?’ असे त्या म्हणतात, तेव्हा काळजात धस्स होते.

एका मात्रेत सोडियम किती, हे पाकिटाच्या दर्शनी बाजूला मराठीत ठळक छापणे बंधनकारक व्हावे. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांसाठीची सूचनाही तिथेच हवी. अन्न व औषध प्रशासनाने केंद्राकडे हा आग्रह धरावा आणि तोवर औषध दुकानदारांनी पाकीट हातात देताना एवढे तोंडाने सांगावे.

— एक निवृत्त औषधनिर्माता, पुणे